चिठ्ठीत नसलेलं हँडल

मला त्यांचा अजून राग येतो. माणूस ओमान सोडून कुडाळला जाऊन बसला, त्याला वर्ष होऊन गेलं, तरी मवालेहच्या भाजीबाजारात कोबीच्या सोललेल्या पानांचा ढीग दिसला की माझं डोकं फिरतं. त्या ढिगाशेजारी उभं करून त्यांनी मला ज्या शिव्या दिल्या तशा आयुष्यात कोणी दिल्या नाहीत. शिव्यांचं मला काही नाही. त्या त्यांनी सगळ्यांनाच दिल्या, हरणांनासुद्धा. राग आहे तो त्यांनी मला एक गोष्ट सांगितली नाही, याचा.

आम्ही त्यांना नुसतं डॉक्टर म्हणायचो. जनावरांचे डॉक्टर. आमच्या कंपनीच्या अर्बाबची, म्हणजे थोरल्या मालकांची, सीबच्या पुढे बर्काच्या बाजूला मोठी शेती होती. तिथे कुंपणात त्यांनी चितळं पाळली होती. आपल्याकडची, ठिपक्यांची. कधीकाळी कागदपत्रं करून आणलेली दहा-बारा, त्यांची झालेली तीस-पस्तीस. त्यांच्यावर हे डॉक्टर. पंचवीस वर्षं तिथेच शेडमागच्या दोन खोल्यांत राहिले. बायको कुडाळला, मुलगी पुण्याला. त्या दोन खोल्यांत एक खाट, एक फ्रीज आणि फ्रीजमध्ये जेवणापेक्षा औषधंच जास्त.

मी मस्कतमध्ये, रुवीच्या ऑफिसात परचेसला. राहायला दार्सैतला. शेतीला लागणारी प्रत्येक वस्तू माझ्या टेबलावरून जायची, आणि डॉक्टर कंपनीचा फॉर्म कधीही भरायचे नाहीत. खाद्याच्या पोत्याला शिवलेलं लेबल फाडून त्याच्या पाठीवर मराठीत लिहायचे आणि ड्रायव्हरबरोबर पाठवायचे. "जंतांचं औषध. मागच्या वेळचं नको, ते पाणी होतं." "लसूणघास ओली पाठवलीत तर परत पाठवीन." ऑफिसात मराठी वाचणारा मी एकटा. मी ते इंग्रजीत टाइप करायचो, मूळ चिठ्ठी पंच करून फाइलला लावायचो. माझ्या फाइली बघून ऑडिटरसुद्धा मान डोलवायचे. मला त्याचा अभिमान होता. तो तेव्हाच गेला असता तर बरं झालं असतं.

एकदा मी स्वस्तातल्या सिरिंज घेतल्या. चौथ्या दिवशी डॉक्टर गमबूट घालून, शेणासकट, थेट ऑफिसात. माझ्या टेबलावर एक संत्रं ठेवलं, एक सिरिंज ठेवली आणि म्हणाले, "टोच."

मी म्हटलं, "डॉक्टर, लोक बघताहेत."

"बघूंदेत. टोच मेल्या. धा येळा टोच."

सातव्यांदा दट्ट्या अडकला. अकाउंट्सची सगळी माणसं खुर्च्या फिरवून बघत होती. डॉक्टरांनी ते संत्रं सोललं, अर्धं मला दिलं, अर्धं उभ्या उभ्या खाल्लं. "कागदार बघून वस्तू घेव नको. आधी हातात घेऊन बघ," म्हणाले आणि गमबुटांचे ठसे कार्पेटवर ठेवून गेले. हे त्यांचं पालुपद. फावडं असो, दोर असो, औषधाची बाटली असो, "आधी हातात घेऊन बघ." त्यांच्यासमोर कोणी "सँपल बघितलं" म्हटलं तर विचारायचे, "डोळ्यांनी काय हातांनी?"

अर्बाबलाही सोडलं नव्हतं. दर शुक्रवारी अर्बाब कॉफीचा थर्मास घेऊन यायचे, चटई टाकून कुंपणाबाहेर बसायचे. एकदा त्यांच्या ड्रायव्हरने फाटकात हॉर्न वाजवला. डॉक्टर धावत गेले, खिडकीतून हात घालून किल्ली काढली आणि खिशात टाकली. "इथं हॉर्न नाय!" समोर मालक बसलाय याची फिकीर नाही. अर्बाब शांतपणे उतरले आणि फाटकापासून चालत आले. त्यानंतर मरेपर्यंत ते फाटकापासून चालतच आले. शेवटी शेवटी काठी घेऊन.

हॉर्नचं कारण मला एकदा दिसलं. कामासाठी गेलो होतो, तर एक मादी लंगडत होती. तिला गुंगीचं इंजेक्शन द्यायचं होतं. बंदुकीतूनही सुई मारता येते, पण आवाज होतो. "चितळ घावान मरणा नाय, धावान मरता," डॉक्टर म्हणाले. एकदा घाबरलं की तारेवर जाऊन आपटतं, मान मोडून घेतं. म्हणून त्यांनी क्रॉसबो ठेवला होता, बंदुकीसारखा खांद्याला लावायचा आडवा धनुष्यबाण. त्यातून सुईचा बाण सोडायचे. कोकणात त्यांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती, लहानपणी त्यांनी रानडुकरं मारलेली. नेम तिथला. बाण सुटला, मादीने नुसतं अंग थरथरवलं आणि चरत राहिली. पुढची दहा मिनिटं आम्हाला कोणाला बोलू दिलं नाही. मी खोकलो तर माझ्याकडे असं बघितलं की खोकला गिळला.

त्या क्रॉसबोची दोरी ताणायला ताकद लागते. पुढच्या रिकिबीत पाय घालायचा आणि दोन्ही हातांनी दोरी छातीपर्यंत खेचायची. शिडीवरून पडून डॉक्टरांचा उजवा खांदा निकामी झाला, तेव्हा त्यांची चिठ्ठी आली होती: "क्रॉसबोला गुंडाळायचं हँडल एक. खांदा गेला." विहिरीच्या रहाटासारखं असतं ते. मागे अडकवायचं आणि फिरवत बसायचं, दोरी आपोआप मागे येते. सत्तर वर्षांची म्हातारीसुद्धा ताणेल. मी ते मागवलं, चिठ्ठी फाइलला लावली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं सगळं त्या फाइलवरून झालं.

अर्बाब गेले. मुलांना शेतीत रस नव्हता, त्यांनी ती कंपनीच्या भागीदारावर सोपवली. भागीदार आपलेच मराठी, पुण्याचे, सत्तरीला आलेले. ऑफिसात सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांच्या केबिनमध्ये भिंतभर फोटो आहेत, आफ्रिकेत मारलेल्या जनावरांवर हात ठेवून काढलेले. त्या वर्षी त्यांना विमानप्रवास बंद झाला होता. शिकारीचा मोसम आला आणि साहेब अस्वस्थ झाले. मग कोणीतरी त्यांना आठवण करून दिली की आपल्याच शेतीवर हरणं आहेत, आणि त्यात एक मोठ्या शिंगांचा नर आहे.

कुंपणातल्या जनावराला शिकार म्हणतात! लाजेची गोष्ट म्हणजे मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. साहेब म्हणाले, "इथल्या गझेलला हात लावायचा नाही, ते मलाही कळतं. पण हा आपला प्रायव्हेट स्टॉक आहे. इम्पोर्टेड." हे कायद्यात बसतं का, हे मी विचारलं नाही. परचेसवाल्याने विचारायचं नसतं, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

डॉक्टरांनी विचारलं. साहेबांकडे दोनदा आले, एकदा अर्बाबच्या मुलांकडे गेले. मुलांनी कॉफी पाजली आणि सांगितलं की शेतीचं भागीदार बघतात. साहेबांनी दुसऱ्या वेळी केबिनचं दार उघडं ठेवूनच विचारलं, "डॉक्टर, तुमचा व्हिसा कोणावर आहे?" चौसष्ट वर्षांच्या माणसाला! डॉक्टर बाहेर आले, माझ्या टेबलाशी थांबले, पाणी प्यायले आणि गेले. शिवी नाही, काही नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः शेतीवर गेले. बंदूक त्यांना नको होती. धक्का बसतो, छातीचं ऑपरेशन झालेलं. क्रॉसबो घ्यायचा ठरवला आणि तो कुठला घ्यावा हे विचारायला, दुसरं कोणाला माहीत नाही म्हणून, डॉक्टरांकडेच गेले. तिथे काय झालं ते मला शेडवरच्या बांगलादेशी गड्याने नंतर सांगितलं. पंधरा वर्षांत त्याला मराठी शिव्यांसकट येते.

साहेब म्हणाले, "मला सांगा, माझ्या एजला कुठला सूट होईल?"

डॉक्टरांनी म्हणे अगदी मन लावून सांगितलं. साहेबांचे हात हातात घेऊन बोटं दाबून बघितली. उभं करून, बसवून, रिकामा क्रॉसबो खांद्याला लावायला लावला. वजन जास्त नको, हात थरथरतो. धनुष्याचे पंखे अरुंद हवेत, वळताना कशाला अडत नाहीत. ट्रिगर हलका. मोतीबिंदूच्या डोळ्याला जास्त उजेड देणारी दुर्बीण. खाली टेकवायला तिकाटणं. साहेब खूश. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता दोरी ताणूचा. एक हँडल मिळता. माझ्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी. तुमका होया?"

साहेब म्हणाले, "नॉनसेन्स. मी काय म्हातारा आहे?"

"मगे नको," डॉक्टर म्हणाले आणि लेबल फाडून लिहायला बसले.

ती चिठ्ठी माझ्याकडे आली. अजून पाठ आहे. "क्रॉसबो एक, साहेबांसाठी." मग मॉडेलचा नंबर, वजन, दुर्बीण, तिकाटणं, बाण सहा. आणि शेवटी "एवढंच." त्याखाली दोन रेघा.

मी दोन रेघा बघितल्या. बघितल्या! आणि मला काय वाटलं? मला वाटलं, डॉक्टर थकले. विसरायला लागले. मागची फाइल काढली, त्यात हँडलची चिठ्ठी होती. म्हटलं, चौसष्टच्या माणसाला हँडल लागतं तर सत्तरच्या माणसाला लागणारच. दुबईच्या सप्लायरला ऑर्डरमध्ये एक ओळ वाढवली. संध्याकाळी घरी बायकोलासुद्धा सांगितलं की बघ, मी नसतो तर साहेबांची किती पंचाईत झाली असती.

खोकं आलं ते मीच घेऊन गेलो. फेब्रुवारीतली सकाळ, हवा छान, साहेब खाकी टोपी घालून आलेले. डॉक्टर पाठीमागे हात बांधून उभे. साहेबांनी रिकिबीत पाय घातला, दोरी धरली, खेचली. वीतभर आली. पुन्हा खेचली. चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा वर आल्या. गड्याला म्हणाले, तू खेच. तो डॉक्टरांकडे बघत म्हणाला, "कमर में दर्द है, साब." ड्रायव्हरने पूर्ण जोर लावला, दोरी निसटून बोटं सोलवटून घेतली. साहेब खुर्चीत बसले, छातीवर हात. कुंपणात पलीकडे तो नर मान खाली घालून चरत होता. मग साहेबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "जाऊ दे. खलास. नशिबात नाही."

डॉक्टरांचा चेहरा मी पंचवीस वर्षांत तसा बघितला नव्हता. हसत नव्हते. नुसते शांत होते.

आणि मी बोललो. "सर, हँडल आहे की! मी मागवलंय ना."

खोक्याच्या तळातून ते काढून, प्लास्टिक फाडून, मीच ते अडकवलं. मीच दाखवलं कसं फिरवायचं. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! याला म्हणतात परचेस." डॉक्टरांकडे मी कौतुकाच्या अपेक्षेने बघितलं की तुमचं विसरलेलं मी सांभाळून घेतलं. ते माझ्याकडे बघत होते.

बाण पोटात लागला. इतकी हलकी वस्तू, इतका हलका ट्रिगर, इतकी उत्तम दुर्बीण, आणि हात थरथरलाच. नर उभ्या जागी उडाला, ओरडला आणि धावला, आणि त्याच्याबरोबर सगळा कळप. धूळ उठली. तारेचा खणखणाट ऐकू आला, एकदा, मग पुन्हा एकदा. दोन माद्या तिथेच पडल्या. नर पाण्याच्या हौदापर्यंत गेला आणि मागचे पाय दुमडून बसला.

डॉक्टर धावले नाहीत. बॅग घेऊन हळूहळू चालत गेले, त्याच्यापासून दहा पावलांवर जमिनीवर बसले, थांबले. मग मागे न बघता मला बोलावलं. "हंय ये."

मी गेलो. माझ्या पँटला, बुटांना काय लागलं त्याची तमा न बाळगता त्यांनी मला गुडघ्यावर बसवलं, माझा हात धरला आणि त्या नराच्या मानेवर ठेवला. मान गरम होती. आतून थडाथडा उडत होती.

"हात काढू नको," म्हणाले. "आधी हातात घेऊन बघ काय आणलंस ता."

त्यांनी इंजेक्शन दिलं. ती थडथड माझ्या हाताखाली हळू झाली, मग अडखळली, मग थांबली. मागून साहेबांचा आवाज आला, "डॉक्टर, शिंगं नीट काढून ठेवा हं." डॉक्टर त्यांना एका शब्दाने बोलले नाहीत. "ठेवतंय," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी सकाळी ते मवालेहला जायचे, व्यापाऱ्यांनी टाकलेली कोबीची, फ्लॉवरची पानं हरणांसाठी गोळा करायला. त्यासाठी दर आठवड्याला भांडायचे. सडकं पान पोत्यात आलं की दुकानदाराच्या अंगावर परत फेकायचे. मी त्यांना मुद्दाम तिथे गाठलं. माफी मागायला गेलो होतो, पण त्यांना बघितल्यावर उलटाच चिडलो. म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही मला सांगायचं होतंत."

मग सुरू झालं. "आवशीक खाव तुझ्या! तुका वाचूक येता मां? 'एवढंच' म्हणून लिवलंय, दोन रेघो मारलंय, आणि कितक्यो मारू? कपाळार मारू तुझ्या? जितक्या लिवलंय तितक्या आणूचा सोडून अक्कल चालवतंस? पंचवीस वर्सा माझ्या प्रत्येक चिठ्ठेत चुको काढलंस, काय बोलूक नाय. ह्या एका चिठ्ठेक तू गप रवलं असतंस तर तीन जिवांनी आज कोबी खाल्लो असतो!" आजूबाजूचे मल्याळी, पाकिस्तानी, ओमानी सगळे वळून बघत होते. डॉक्टरांच्या हातात पान होतं आणि ते चुरगळून त्याचा लगदा झाला होता.

मीही ओरडलो. "आणि साहेबांना? त्यांना तुम्ही एक शब्द बोलला नाहीत! बाण मी मारला का? मलाच शिव्या?"

"त्याका बोलान काय उपेग? तो तसोच." धाप लागली होती त्यांना. "तू तसो नसशीत म्हणान वाटला होता."

"मग सांगितलं का नाहीत? मी ऐकलं असतं!"

डॉक्टरांनी पोतं उचललं. गेलेल्या खांद्यावर घेतलं, मुद्दाम. मी हात पुढे केला तर झटकला. "सांगला असता तर तू ता लिवून घेतलं असतंस," म्हणाले. "आणि पंच करून फाइलीक लावलं असतंस."

महिन्याभरात ते गेले. काढलं की सोडलं, दोन्ही बाजूंनी वेगळं सांगितलं जातं. विमानतळावर मी गेलो नाही. मला राग होता. अजून आहे. पंचवीस वर्षं माझ्या हाताखालून त्यांच्या चिठ्ठ्या गेल्या, त्यांच्या हस्ताक्षरावरून मला कळायचं की त्यांना ताप आहे, आणि त्या माणसाने गड्याला आधी सांगून ठेवलं, त्याच्यावर विश्वास ठेवला, माझ्यावर नाही. हे मला गिळता येत नाही. विश्वास ठेवला असता तर काय झालं असतं, हे तर त्याहून गिळता येत नाही.

यंदाच्या थंडीत साहेबांचा फोन आला. पाहुणे येणार आहेत, क्रॉसबो साफ करून ठेवा. मी शेतीवर जाऊन खोकं तपासलं. हँडल काढलं आणि घरी आणलं. दार्सैतच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते आता बायकोच्या शिलाई मशीनच्या खणात आहे. डॉक्टरांच्या जागी आलेल्या माणसाकडे त्यांचं जुनं हँडल होतं, ते या क्रॉसबोला बसत नाही. ते मी अडकवून, फिरवून बघितलं होतं. साहेबांना सांगितलं की हँडल गहाळ आहे, नवीन मागवावं लागेल. तीन कोटेशन आल्याशिवाय ऑर्डर निघत नाही, हा नियम त्यांच्याच सहीचा आहे. दोन आलीत. तिसरं इन्शाल्ला येईल. मोसम संपला तरी ते आलेलं नाही, आणि मी आहे तोवर ते यायचं नाही.

हे सांगायला मी कुडाळला फोन केला. वर्षभराने. का केला? शाबासकी हवी होती, दुसरं काय. डॉक्टरांनी "कोण?" म्हणून खेकसूनच उचलला. मी सगळं सांगितलं, हँडलचं, मशीनच्या खणाचं, कोटेशनचं. पलीकडे कोंबडा ओरडत होता.

मग डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी सांगला असता तर आयकला असतंस?"

मवालेहच्या बाजारात मी या प्रश्नाला ओरडून उत्तर दिलं होतं. या वेळी ओरडता आलं नाही. "नसतं ऐकलं, डॉक्टर," मी म्हटलं. "फाइलला लावलं असतं."

"हां," म्हणाले. आवाज चिडलेला नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं. मला वाटलं, आता काहीतरी बरं बोलतील, निदान एखादी शिवी तरी देतील.

"हँडल लपवलंस ता बरा केलंस," डॉक्टर म्हणाले. "आणि मेली ती तीन?"

आणि त्यांनी फोन ठेवला.